दात कोरून पोट भरत नाही. पण दात तरी वाचतात का?

पाणवठा
गेल्या महिन्यात गुडदाणी खाताना डाव्या दाढेचा कोपरा तुटला आणि आठ वर्षांनी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसण्याची वेळ आली. तुटलेला कोपरा त्यांनी अर्ध्या तासात बुजवला. त्यानंतर मात्र खुणा केलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत हलकेच घालून त्या मोठ्याने आकडे सांगू लागल्या आणि त्यांची साहाय्यक ते लिहून घेऊ लागली: तीन, दोन, तीन, पाच, चार, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटू लागली आहे, हा त्याचा अर्थ मला नंतर कळला. मग प्रश्न आला, "दोन दातांच्या मधली जागा कशाने साफ करता?" गृहपाठ न केलेल्या मुलासारखा मी छताकडे पाहत राहिलो. दोन वेळा ब्रश करतो, जीभ घासतो, जेवल्यावर चूळ भरतो. पण मधली जागा ही वेगळी साफ करायची असते, हे पंचेचाळीस वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते.

येताना फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची, डबी घेऊन आलो. ती पाहून वडील म्हणाले, "दोऱ्याने गोधडी शिवतात." त्यांचे वय ७९, तोंडात स्वतःचे २७ दात. लहानपणी राखुंडी, पुढे काळे मंजन, ब्रश हातात आला तो नोकरी लागल्यावर. दातांच्या विषयात त्यांच्यापुढे मला तोंड उघडायला जागाच नाही.

प्रश्न असा की, आपल्यापैकी कोणी हा दोरा खरोखर नियमाने वापरते का? वापरत असल्यास फरक पडला का? की हीही एक विकायला काढलेली गरज आहे?

मुलुंडकर
वापरतो. २०१९ मध्ये एक डबी आणली होती. तीच अजून चालू आहे.

खडीसाखर
मुलुंडकर, आपल्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे.

पाणवठा, मधली जागा साफ करणे आपल्याला ठाऊकच नव्हते असे मला वाटत नाही. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात चांदीचे दातकोरणे आणि कानकोरणे एकाच कडीत अडकवलेले असे. जेवण झाले की ती न्हाणीघराशी जाऊन, पदर तोंडापुढे धरून दात कोरायची आणि मग दहा-बारा खळखळून चुळा भरायची. पदर मात्र सुटायचा नाही. दात कोरणे ही गरज होती, पण ती चारचौघांत करायची गोष्ट नव्हती. आणि म्हणीत तर ती थेट कंजूषपणाची खूण होऊन बसली. जे काम आडोशाला करायचे, ते मुलांना शिकवणार कोण? आम्हाला दात घासायला शिकवले, जीभ खरवडायला शिकवले, चूळ कशी टाकायची तेही शिकवले. कोरायला कोणी शिकवले नाही. आजीबरोबर ते दातकोरणे गेले आणि आम्ही आगपेटीतल्या काड्या आणि टाचण्यांवर आलो. माझ्या काकांनी टाचणीने हिरडीला जखम करून घेतली होती, ते प्रकरण पुढे गळूपर्यंत गेले.

शंकेखोर
थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेच्या सरकारी आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्वी फ्लॉसचा उल्लेख असे. नव्या आवृत्तीतून तो गाळला गेला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका वृत्तसंस्थेने, फ्लॉसच्या बाजूचा पुरावा फारच दुबळा आहे, अशी सविस्तर बातमी दिली. म्हणजे जिथे ही सवय लहानपणापासून मुलांच्या मागे लागते, तिथेच तिचा आधार डळमळीत निघाला. मग आपण ती आता नव्याने का उचलावी? पाणवठा यांच्या वडिलांचे २७ दात हा माझ्या दृष्टीने बऱ्यापैकी पुरावा आहे.

दंतकथा
नाव गमतीने घेतले असले तरी व्यवसायाने मी दंतवैद्यच आहे, त्यामुळे येथे लिहिणे भाग आहे.

शंकेखोर, बातमी खरी आहे; तिचा अर्थ मात्र आपण घेतला तसा नाही. त्या सूचना मुळात आहाराविषयीच्या होत्या. पुरावा दुबळा असणे म्हणजे उपयोग नसल्याचे सिद्ध होणे नव्हे. चाचण्या लहान होत्या, बहुतेक काही आठवड्यांच्याच होत्या, आणि हिरडीचा आजार तर वर्षानुवर्षे चालतो. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अशा ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि फ्लॉस यांनी हिरड्यांची सूज कमी होण्याची शक्यता दिसते, फटीत घालायचे बारीक ब्रश त्याहून सरस असू शकतील, पण खात्री कमी आहे, असा त्याचा मथितार्थ आहे. फटीतल्या किडीविषयी त्यातून ठोस काही हाती लागत नाही. मी रुग्णांना इतकेच सांगते, यापेक्षा मोठे आश्वासन देत नाही.

आता आत काय घडते ते पाहा. दातावर जिवाणूंचा मऊ, चिकट थर सतत धरत असतो. तो ब्रशने किंवा दोऱ्याने निघतो. तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत घट्ट होऊ लागतो आणि त्याचे कीटण बनते. कीटण एकदा धरले की ना ब्रश उपयोगी, ना दोरा, ना मीठ-लिंबू. ते आम्हालाच काढावे लागते. ब्रशचे केस दाताच्या बाहेरच्या, आतल्या आणि चावण्याच्या बाजूवर पोहोचतात, परंतु दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे शिरत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्यांच्या हिरड्यांचा आजार पुष्कळदा याच जागी सुरू झालेला असतो.

दोरा वापरण्याची पद्धत चुकली तर तो न वापरलेला बरा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि मध्ये बोटभर मोकळा ठेवावा. तो दातांमध्ये खाडकन दाबू नये, करवतीसारखा हलके पुढेमागे करत उतरवावा. खाली गेल्यावर एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून हिरडीच्या किंचित आतून वर ओढावा, मग शेजारच्या दाताला तसेच. बहुतेक जण दोरा वरखाली करून अडकलेली कोथिंबीर काढतात आणि काम झाले असे समजतात. कोथिंबीर निघते, थर तिथेच राहतो.

अवलिया
आमच्या घरी फ्लॉसचा उपयोग गेली तीन वर्षे नियमित आणि समाधानकारक रीतीने होत आहे. आईला हा मेण लावलेला दोरा गजरे ओवण्यासाठी अतिशय पसंत पडला आहे. तो तुटत नाही आणि कळ्या घसरत नाहीत. आमच्या देवघरातल्या मोगऱ्याला पुदिन्याचा वास येतो, एवढीच त्यात उणीव आहे.

खडीसाखर
अवलिया, न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ मध्ये दातांसाठी सुचवला होता तो मेण लावलेला रेशमी धागाच होता. तेव्हा आपल्या मातोश्रींची निवड परंपरेला धरूनच आहे.

माणदेशी
दंतकथा ताईंनी लिहिलेले पटले, पण आमच्या भागात दोऱ्याच्या आधी दुसऱ्याच गोष्टीवर बोलावे लागेल, ती म्हणजे मिश्री.

माझ्या आईने वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, लग्न होऊन आल्यावर सासूकडून मिश्री घेतली. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, ती चुरून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की गुरेसुद्धा फुरफुरतात. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी चुलीपुढे बसून बोटाने दातांना लावायची, पंधरा-वीस मिनिटे तोंडात धरायची. पुढे दुपारी एकदा, खुरपणीला जाण्याआधी एकदा, रात्री निजताना एकदा. तिला विचारले तर ती म्हणणार, "दात घासते." ते तंबाखू खाणे आहे हे तिला मान्यच नाही, तंबाखू खाणाऱ्या पुरुषांना ती नावे ठेवते. मिश्री लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोके धरते, कामाला हात चालत नाही, असे ती सांगते आणि ते खोटेही नाही, कारण व्यसन सुटताना नेमके हेच होते.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण जे घरच्या तव्यावर भाजले जाते त्याला बंदी कोण करणार? साठीच्या आत आईचे पुढचे चार दात हलायला लागले, हिरड्या इतक्या मागे गेल्या की मुळे उघडी दिसतात. दोन वर्षांपूर्वी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसल्यावर आम्ही घाबरून तपासणी करून घेतली. तो कर्करोग नव्हता. तेव्हापासून तिची मिश्री चारावरून एकावर आली आहे, आणि ती एक सोडवण्यासाठी मी तिला सकाळी लवंग आणि बडीशेप हातात देतो. कधी ती घेते, कधी लवंग खाऊन वर मिश्री लावते.

दंतकथा
माणदेशी, तो चट्टा दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, एकदा निदान चांगले आले म्हणून थांबू नका. चारावरून एकावर येणे ही छोटी गोष्ट नाही, हे मी अनेक बायकांचे प्रयत्न पाहून सांगते. आईंना माझा नमस्कार सांगा.

हडसनकाठी
मी न्यू जर्सीत राहतो. येथे दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेण्याची प्रथा आहे आणि दातांचा विमा वेगळा काढावा लागतो. दात साफ करणारी तंत्रज्ञ दर वेळी "रोज फ्लॉस करता का?" असे विचारते, मी "बहुतेक दिवस" असे उत्तर देतो, ती हिरडीतून येणाऱ्या रक्ताकडे पाहते आणि दोघेही सभ्यपणे गप्प बसतो. तपासणीच्या आधीच्या चार दिवसांत घाईने दोरा फिरवणारे आम्ही सगळेच, त्यात देशी-विदेशी असा भेद नाही.

विम्याची वार्षिक मर्यादा दातावर बसवायच्या एका कॅपमध्येच संपते. त्यामुळे येथील कितीतरी मराठी कुटुंबे डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला जातात ती लग्नकार्ये, फराळ आणि रूट कॅनाल अशी तिहेरी यादी घेऊन.

शंकेखोर
म्हणजे दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसूनही रूट कॅनाल चुकत नाही!

हडसनकाठी
शंकेखोर, खुर्चीत बसणे आणि रात्री दोरा हातात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मी वर कबूल केले.

पैनगंगा
शंकेखोर यांना विचारावेसे वाटते की दातांकडे पाहून माणसाची स्वच्छता ठरवता येते का? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि मूल लहानपणी तेच पाणी पीत राहिले, तर कायमचे दात येतात तेच खडूसारखे पांढरट किंवा तपकिरी पट्ट्यांचे. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचे दात तसे होते. गुरुजी रोज ओळीत उभे करून "दात घासत नाही का रे?" म्हणून छडी मारायचे. आम्ही राखेने घासले, विटेच्या भुकटीने घासले, एकाने तर वाळूने घासले. डाग दाताच्या आत असतो, तो घासून जाणार कसा? त्या घासण्याने मात्र माझ्या दातांचे वरचे कवच झिजले आणि आज थंड पाणी लागले की कळ मस्तकात जाते. तालुक्याला शिकायला गेलो तेव्हा हसताना तोंडावर हात ठेवायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

मीनाक्षी_देव
पैनगंगा, वाचून वाईट वाटले. एक शंका आहे: मग फ्लोराइड असलेली पेस्ट मुलांना द्यावी की देऊ नये?

दंतकथा
द्यावी, पण प्रमाणात. जास्त फ्लोराइडचे पाणी रोज लिटरभर पोटात जाणे आणि पेस्ट दाताला लावून थुंकणे यात मोठे अंतर आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा जास्त फ्लोराइड घालण्यास परवानगी नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशवर नागमोडी वळण घेतलेली जी लांबलचक पेस्ट दिसते, ती फक्त नळी लवकर संपावी म्हणून असते. मात्र पैनगंगा यांच्यासारख्या गावांत राहणाऱ्यांनी आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि मुलांच्या पेस्टविषयी दंतवैद्यांना विचारूनच ठरवावे.

मीनाक्षी_देव
धन्यवाद. मुलांचा विषय निघालाच आहे तर आमची चूक सांगते, म्हणजे इतरांची टळेल. मुलीच्या दाढेला सातव्या वर्षी कीड दिसली. घरातल्या सगळ्यांचे एकमत झाले की दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला पैसे घालवायचे. सासूबाईंनी कापसावर लवंगेचे तेल लावले, ठणका थांबला, आम्ही विसरलो. आठ महिन्यांनी गाल सुजल्यावर नेले तेव्हा कळले की ती दुधाची दाढ नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पाडता, कायमची पहिली दाढ गुपचूप येते. दात पडलेला नसल्यामुळे नवीन आला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. जी दाढ आयुष्यभर पुरवायची होती, तिचे सातव्या वर्षी रूट कॅनाल करावे लागले. आता रात्री ब्रश झाल्यावर तिच्या दाढांमधून दोरा मीच फिरवते. ती तोंड उघडून बसते आणि त्या दोन मिनिटांत शाळेतली सगळी गुपिते "आँ आँ" करत सांगते, त्यातले निम्मे मला समजते.

वैद्य_नव्हे
आपल्या परंपरेचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? सुश्रुताने दातणाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असे सांगितले आहे. जीभ खरवडणे, तेलाचा गंडूष (तोंडात तेल धरून ठेवणे), जेवणानंतर चुळा हे सगळे आपल्याकडे होते. कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला की तो फटीतही जातो. नायलॉनच्या दोऱ्याची आवश्यकता नाही.

दंतकथा
काडी चांगली चावून, हलक्या हाताने वापरली तर मला तिच्याविषयी काहीही तक्रार नाही. जीभ खरवडण्याची आपली सवय तर उत्तमच आहे. परंतु दोन दाढा जिथे घट्ट टेकलेल्या आहेत तिथे काडीचा तंतू जात नाही, हे आरशासमोर उभे राहून स्वतः पाहता येते. आणखी एक, काडी रोज ताजी तोडायची असते. बाथरूमच्या खिडकीत आठवडाभर वाळलेली काडी सुश्रुताच्या मनात असणार नाही.

शंकेखोर
माझा मूळ आक्षेप अजून उरतोच. हे सगळे मध्यमवर्गाचे चोचले आहेत. माणदेशींच्या आईंना डबीभर दोरा दिला तर मिश्री सुटणार आहे का? पैनगंगा यांच्या गावात दोऱ्याने पाणी बदलणार आहे का? ज्यांना खरा त्रास आहे त्यांच्या कामाची ही वस्तू नाही.

माणदेशी
शंकेखोर साहेब, आईच्या नावाने वाद घालू नका, एवढीच विनंती. दोऱ्याने मिश्री सुटत नाही हे मलाही समजते. पण जे चार दात तिचे उरले आहेत ते भाकरी चावण्यापुरते टिकावेत असे मला वाटते, आणि त्यासाठी जे सांगतील ते मी करीन. गरिबाच्या दातांना चोचले नसतात हे कोणी ठरवले?

शंकेखोर
माफी असावी. शब्द चुकीचा वापरला.

कोकणचे_आप्पा
मी ७२ वर्षांचा आहे आणि माझ्या तोंडात माझा एकही दात नाही. या धाग्यावर बोलण्याचा खरा अधिकार माझाच समजा.

मला मधुमेह आहे. चाळिशीपासून हिरड्यांतून रक्त यायचे. रक्त येते म्हणून मी ब्रश हळू फिरवायचो, मग मुळीच फिरवायचो नाही. एकदा दात साफ करून घेतले तर दात हलल्यासारखे वाटले. लोक म्हणाले, "साफ करण्याने दात सैल होतात," मी विश्वास ठेवला आणि पुन्हा गेलो नाही. खरे म्हणजे दात आधीच सैल होते, कीटणाने त्यांना धरून ठेवले होते. साखर वाढली की हिरड्या बिघडायच्या आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नसे. हे दोन्हीकडून असते असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सोळा दात उरले होते. एकही दात किडलेला नव्हता. निरोगी, पांढरेशुभ्र दात हाताने उपटावेत तसे निघाले.

आता कवळी आहे. वरची बरी बसते, खालची जिभेबरोबर नाचते. काजूगर, सुरमई, भाजलेल्या फणसाच्या आठळ्या यांची चव टाळूला लागते असे मला आयुष्यभर कळले नव्हते. कवळीने टाळू झाकल्यावर कळले. लग्नात कोणी हसवले तर आधी कवळी सांभाळतो, मग हसतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. माझ्याकडे आज काजूची बाग आहे.

पाणवठा
आप्पा, आपला प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही.

सहा आठवड्यांनंतरचा हिशेब मांडतो. दात साफ करून घेतले. पहिले आठ-नऊ दिवस दोरा लालच निघत होता आणि हा प्रकार सोडून द्यावा असे रोज वाटत होते. पण जिथे सूज असते तिथेच रक्त येते आणि ते साधारण दोन आठवड्यांत थांबायला हवे, न थांबल्यास दाखवायला या, असे दंतवैद्यांनी बजावले होते. बाराव्या दिवसापासून रक्त थांबले. परवा पुन्हा सळई फिरली तेव्हा पाचाचे चार झाले होते. हे साफसफाईमुळे झाले की दोऱ्यामुळे, हे शंकेखोर विचारण्याआधीच सांगतो: मला माहीत नाही. आठवड्यातले पाच दिवस दोरा होतो, शनिवारी आणि पाहुणे आले की बुडतो.

वडिलांनाही बरोबर नेले. २७ दात पाहून दंतवैद्य खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे वडील दिवसभर प्रसन्न होते. पण दात झिजून सपाट झाले आहेत, फटी रुंद झाल्या आहेत आणि दोन दाढांमध्ये गवारीच्या शिरा साठून हिरडी खाली बसली आहे. इतक्या रुंद फटीत दोरा उपयोगाचा नाही, असे सांगून त्यांनी छोटा, गोल केसांचा ब्रश दिला. वडील त्याला "बाटली धुवायचा ब्रश" म्हणतात. तो चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि जेवण झाले की अंगणाच्या कठड्याशी, सगळ्यांकडे पाठ करून वापरतात. खडीसाखर यांच्या आजींचा पदर आठवला.

खडीसाखर
पाठ असू द्या. ब्रश आहे ना हातात!

मुलुंडकर
हा धागा वाचून माझी डबी शोधून काढली. तिच्यावर "२०२२ पर्यंत वापरावी" असे छापले आहे. दंतकथा, चालेल का?

दंतकथा
मुदत संपली म्हणून दोरा विषारी होत नाही; मेण वाळले असेल, मध्येच तुटेल, तेव्हा नवीन आणा. ही उरलेली अवलिया यांच्या आईंना पाठवून द्या.